तिचे सहाशे मीटर

दिवाळी उरकली, थंडी पडायला लागली की आपल्या मंगळवेढ्यात पहाटे बाहेर पडणाऱ्याला सोलापूर-सांगली महामार्गाच्या कडेनं पळणारी पोरं हमखास दिसतात. कानाला मफलर, हातात मोबाईल, त्यावर वेळ लावलेली. ही भरतीची पोरं. कुणाला पोलिसात जायचंय, कुणाला लष्करात.

दूध आणायला गेलेले आपण ते बघतो, घरी येतो आणि चौदा वर्षांच्या लेकाच्या अंगावरची वाकळ ओढतो. ‘‘ऊठ, तिकडं लोकांची पोरं पाच किलोमीटर पळून आली!’’ लेक कूस बदलतो. आपला आवाज चढतो. शेवटी तो उठतो, पण शाळेची वेळ झाली म्हणून. सकाळ दोघांचीही नासते.

किती घरांत होतं हे! आपला हेतू काही वाईट नसतो. पोराचं पोट सुटायला लागलंय, दोन जिने चढला की धाप लागते, सुट्टीचा अख्खा दिवस मोबाईलवर जातो. आपल्याला घरातल्या मोठ्यांची शुगर आठवते, बीपीच्या गोळ्या आठवतात. पोटात कालवतं. मग ती काळजी तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिचा टोमणा झालेला असतो.

मला त्या भरतीच्या पोरांचं मात्र नवल वाटतं. त्यांची वाकळ कुणी ओढत नाही. उलट आईच म्हणत असते, ‘‘अरे, थंडी किती आहे, जरा उजाडू दे.’’ पोलीस शिपायाची मैदानी परीक्षा ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. किती सेकंदांना किती गुण, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. काल आपली वेळ किती लागली आणि आज किती काढायची, तो आकडा डोक्यात घेऊनच ती झोपतात.

हे बघून आपल्याला वाटतं, आपल्या पोरालाही असंच काहीतरी द्यावं. ‘‘तूही भरतीचं बघ.’’ किंवा, ‘‘खेळात वरपर्यंत गेलास तर दहावीला वाढीव गुण मिळतात.’’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोरडवाहू शेतीत घर चालवणाऱ्या माणसानं पोराच्या नोकरीचा विचार आधी केला, तर त्याला नावं कोण ठेवणार? पण आठवीतल्या पोराला अठराव्या वर्षीची भरती म्हणजे किती लांबची गोष्ट, याचा अंदाज आपल्याला येत नाही. त्याच्या हिशेबात पुढचा शनिवारच लांब असतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. भरतीत दोन-तीनदा हुकलेली पोरं पळायचंच सोडतात. पंचविशीतल्या पोराला विचारावं तर म्हणतो, ‘‘आता कशाला पळू?’’ वर्षानुवर्षं पहाटे उठलेला हा मुलगा. पळणं ज्याच्यासाठी होतं ते हातचं गेलं, मग पळणंही गेलं.

आमची लेक आठवीत आहे. मागं एकदा कव्हर घालायला म्हणून तिची गणिताची वही उघडली, तर शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एक यादी दिसली. ३.४१, ३.३७, ३.४०, ३.२९. वर बारीक अक्षरात ‘६०० मी.’ आणि ३.४० च्या शेजारी त्याहून बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘पोटात दुखत होतं.’

शाळेत ‘फिट इंडिया’च्या चाचण्या होतात. २०१९ च्या राष्ट्रीय क्रीडा दिनाला, २९ ऑगस्टला, हा उपक्रम देशभर सुरू झाला, त्यातल्या या चाचण्या. ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं, पाय लांब करून पुढं वाकणं, पोटाचे व्यायाम, जोर आणि उंची-वजन. त्याचं पत्रक घरी आलं की आपण काय बघतो? वजन बघतो. ‘‘एवढं वाढलं? उद्यापासून संध्याकाळचा वडापाव बंद.’’ तिनं त्याच पत्रकातला दुसरा रकाना उचलला होता आणि आठवडा-आठवडा त्याच्या मागं लागली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता.

मी वही होती तिथं ठेवली. विचारावंसं फार वाटत होतं. पण जे पोरीनं गणिताच्या वहीत लपवून ठेवलंय, ते जेवणाच्या ताटावर आणलं असतं तर ते तिचं राहिलं नसतं. आपला स्वभाव आपल्याला ठाऊक असतो. दुसऱ्या दिवशी आत्याला फोन, ‘‘आमची पळायला लागलीय बरं का!’’ मग तिचे बाबा शिट्टी आणतात, वेळापत्रक भिंतीवर चिकटतं. पाहुणे आले की, ‘‘दाखव गं किती मिनिटांत पळतेस.’’ पोर चार दिवस हसून दाखवते आणि पाचव्या दिवसापासून तिचा पाय दुखायला लागतो.

पाय दुखायला लागणं हे या वयातलं मोठं लक्षण आहे, त्यावर जरा बोलू.

सात-आठ वर्षांचं पोर शर्यतीत शेवटून दुसरं आलं तरी उड्या मारत येतं, ‘‘मी किती जोरात पळालो!’’ तेच पोर तेरा वर्षांचं झालं की मैदानाच्या कडेला उभं राहतं. जॉन निकोल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं मुलांवर बरंच काम केलं. त्यांना असं दिसलं, की लहानपणी मुलांच्या मनात मेहनत आणि कुवत या दोन गोष्टी वेगळ्या नसतात. जास्त जोर लावला म्हणजे आपण जास्त हुशार, असा त्यांचा सरळ हिशेब. अकरा-बारा वर्षांच्या आसपास या दोन्ही वेगळ्या होतात. मग मुलाच्या मनात येतं, मी सगळा जोर लावला आणि तरीही मागं राहिलो, तर सगळ्यांना कळेल की माझ्यात दमच नाही. त्यापेक्षा जोर लावलाच नाही तर? ‘पाय दुखत होता’ म्हणता येतं.

हे वाचल्यापासून मला पीटीचा ड्रेस ‘विसरणारी’ मुलं वेगळी दिसायला लागली. आपण त्यांना आळशी म्हणतो. तो मुलगा मात्र वर्गासमोर आपली उरलीसुरली अब्रू सांभाळत असतो. त्यातच या वयात पाय एकदम लांब होतात, अंग भरतं, आवाज फुटतो. गेल्या वर्षीपर्यंत सहज जमणारी उडी यंदा फसते. त्याचं त्यालाच ते शरीर नवीन असतं. अशा वेळी मैदानावर नंबर लावले, की पहिले तीन सोडून बाकी सगळे हरलेले. आणि घरी आल्यावर आपला पहिला प्रश्न काय असतो? ‘‘कितवा आलास?’’

निकोल्स आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं असं, की ज्या मुलाचं मोजमाप स्वतःच्याच कालच्या कामगिरीशी असतं, ते अपयश आलं तरी टिकून राहतं. ज्याचं मोजमाप फक्त दुसऱ्याशी, त्याची गोडी जिंकेपर्यंतच टिकते. ३.४१ वरून ३.२९ वर आलेली मुलगी वर्गात अठरावी असली तरी तिच्या वहीत ती बारा सेकंदांनी जिंकलेली असते.

धावपटू अविनाश साबळेचं नाव पोरांना माहीत असतं, पण त्याची ही बाजू त्यांना कुणी फारशी सांगत नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव, आपल्यासारखंच दुष्काळी. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडीची सोय नाही, म्हणून चालत-पळत जायचं. बारावीनंतर लष्करात, महार रेजिमेंटमध्ये गेला आणि खरं पळणं तिथं सुरू झालं. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं कुणी मोडला नव्हता. अविनाशनं २०१८ मध्ये भुवनेश्वरला तो मोडला, ८ मिनिटं २९.८० सेकंदांत. त्यानंतर या शर्यतीत देशात मोडायला दुसऱ्या कुणाचा विक्रम उरला नव्हता, म्हणून तो स्वतःचाच मोडत गेला.

टोकियो ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला नाही. आपल्या भाषेत ‘हरला’. पण त्याच शर्यतीत त्यानं ८.१८.१२ ही वेळ देऊन स्वतःचा विक्रम मागं टाकला होता. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८.११.२० वेळेसह रौप्यपदक मिळालं, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या हिश्शानं. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८.०९.९१ वर आला. सहा वर्षांत जेमतेम वीस सेकंद! आपण पोराकडून महिन्यात किती बदल मागतो, ते या वीस सेकंदांशेजारी ठेवून बघावं.

आता वजनाबद्दल. हा विषय नाजूक आहे आणि आपण सगळेच तो धसमुसळेपणानं हाताळतो.

‘‘पाच किलो कमी कर, मग ड्रेस घेते,’’ हे आपण लाडानंच म्हणतो. पण वाढत्या वयात वजन वाढायलाच हवं, आणि किती वाढावं हे पोराच्या हातात नसतं. काट्यावर लक्ष ठेवून धावणारं पोर आठ दिवसांनी काटा हलला नाही की बसतं. मुली तर जेवणच तोडतात. एक भाकरी खाणारी अर्धीवर येते, सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत जाते आणि मग मैदानावर तिला चक्कर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींमध्ये रक्त कमी आढळलं आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी ती निळी लोहाची गोळी पोरगी घेते का, की दप्तरात टाकते, तेवढं प्रेमानं विचारा. पळवत नाही म्हणणाऱ्या कितीतरी मुली आळशी नसतात, त्यांचं रक्त कमी असतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्याला केवढा अभिमान! ती कडक भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ पोरीनं पोटभर खाल्ली, तर पळायला बळ येईल. तिच्या ताटातली भाकरी आपण मोजू नये.

‘पोटात दुखत होतं’ हे वाक्यही माझ्या मनातून जात नाही. पाळीच्या दिवसांत पळावं का, हे ती कुणाला विचारणार? सर पुरुष, मैत्रिणी तिच्याच वयाच्या, आई स्वयंपाकघरात घाईत. खरं तर त्रास नसेल तर खेळायला हरकत नसते, दुखत असेल तर त्या दिवशी बसावं, एवढंच सांगायचं असतं. सोबत नीट बसणारे कपडे हवेत. पळताना अंगावर कुणाची नजर जाईल का, या एका धास्तीनं मुली मैदान सोडतात. चांगली ब्रा आणि सैल ट्रॅकपँट ही आपल्याला चैन वाटते, पण तिच्यासाठी त्यावरच सगळं अडलेलं असतं. ते तिनं मागायची वाट बघू नका. ती मागणार नाही.

वेळेचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं घाम येईल असं हालावं. याच संघटनेच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये जगभरातले आकडे मांडले. शाळेत जाणाऱ्या ११ ते १७ वयाच्या दर पाच मुलांपैकी चार जणांचं तेवढं हालणं होत नाही, आणि मुलींची गत मुलांपेक्षा वाईट. आपल्याकडं कुणी म्हणेल, ‘‘आमची पोरगी पाणी भरते, झाडलोट करते, रानात जाते. तिला वेगळा व्यायाम कशाला?’’ अंग हलतं, खरं आहे, आणि तेही धरायलाच हवं. पण त्या घागरींत तिचं स्वतःचं असं काही नसतं. संध्याकाळी अर्धा तास तिला मोकळा द्यायचा असेल, तर तेवढ्या वेळचं पाणी भावानं भरावं लागेल. हे घरात बोलायला जड जातं, मला कल्पना आहे. शेजारच्या माणदेशातल्या मोहीसारख्या गावातून ललिता बाबर निघाली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावल्या होत्या, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. तिच्या वाट्याला आलेला मोकळा वेळ कुणीतरी घरातलं काम उचलूनच दिला असणार, असं मला आपलं वाटतं.

प्रत्येक पोर पळणारंच असेल असंही नाही, आणि हे मला अगदी कळकळीनं सांगायचंय. काहींना पळणं नकोच असतं. एखाद्याला झाडाच्या फांदीला लोंबकळून एक पुलअप काढायचा असतो, फक्त एक, कारण मित्राला जमतो. एखादीला दोरीवरच्या शंभर उड्या न अडखळता मारायच्या असतात. कुणाला खो-खोच्या संघात नुसतं बसायला मिळालं तरी चालतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुली जिंकल्या, तेव्हापासून तर मुलींना या खेळाचं भलतंच आकर्षण आहे.

आमच्या भावकीतला एक नववीतला पोरगा आहे, अंगानं जाड, पीटीच्या नावानं घाबरणारा. त्यानं मध्यंतरी आपल्या आबांना विचारलं, ‘‘कार्तिकीला मी तुमच्यासोबत चालत पंढरपूरला येऊ?’’ पंचवीसेक किलोमीटरची वाट. आबा दरवर्षी जातात. घरात सगळे म्हणाले, ‘‘तुला झेपायचं नाही.’’ आबा म्हणाले, ‘‘मग आत्तापासून रोज थोडं चालू.’’ आता दोघं संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जातात, दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पुढच्या ओढ्यापर्यंत. पोरगा वाटेत कधी बोलतो, कधी बोलत नाही. त्याला कुणाला हरवायचं नाही, किलो मोजायचे नाहीत. आबांसोबत पंढरपुरात पोहोचायचं आहे. त्याच्या आईनं त्याला एक जोडी बरे बूट घेऊन दिले आणि बाकी काही म्हणाली नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं.

आपण करायचं ते साधारण एवढंच असतं. बूट, पाणी, वेळेवर जेवण आणि सुरक्षित जागा. जागेचं खरंच बघायला हवं. ऊस गाळपाच्या दिवसांत महामार्गावर पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात, कित्येकींना मागं दिवा नसतो. चौदा वर्षांच्या पोराला त्या रस्त्यावर एकटं पाठवू नये. मैदान मिळालं तर मैदान, नाहीतर उजाडल्यावर, दोघं-तिघं मिळून, फिकट कपड्यांत, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं. उन्हाळ्यात तर आठच्या आत घरी.

आणि विचारायचं असेल तर ‘‘कितवा?’’ ऐवजी ‘‘आज कसं वाटलं?’’ असं विचारून बघा. पहिल्यांदा ‘‘ठीक’’ एवढंच उत्तर येईल. येऊ द्या. पोरानं पंधरा दिवसांत ते सोडून दुसरंच काही धरलं, दोरी टाकून सायकल उचलली, तरी ‘‘एक काही धड करत नाहीस’’ हे ओठांवर आलेलं वाक्य गिळा. या वयात ते चाचपडतच असतं. धरलेलं सोडायची मुभा असेल, तरच ते पुन्हा काही धरायची हिंमत करतं.

शाळेकडूनही दोन गोष्टी मागण्यासारख्या आहेत. परीक्षा जवळ आली की पीटीचा तास बीजगणिताला जातो. आपण पालकही त्यावर खूश असतो, अभ्यास होतोय म्हणून. तो तास पीटीलाच राहावा, हे पहिलं. दुसरं असं, की वर्षातून एकदा चाचणी घेऊन पत्रक घरी पाठवण्यापेक्षा, एका साध्या वहीत प्रत्येक मुलाचं दर महिन्याचं त्याचं त्याचं लिहून ठेवता येईल. सहाशे मीटर, वाकणं, जोर, ज्याला जे हवं ते. नंबर लावायचा नाही, वर्गात वाचून दाखवायचं नाही. मागच्या महिन्यात किती आणि या महिन्यात किती, हे त्या मुलाला दिसलं की झालं. सरांवरही खूप वर्ग असतात, हे मान्य. वही मुलांनीच सांभाळली तरी चालेल.

पुढच्या पालक सभेत मी हे दोन्ही विचारणार आहे. एकटीनं विचारलं की ‘बघू’ म्हणतात. तुम्ही आलात आणि ‘‘आमचंही तेच म्हणणं आहे’’ एवढं बोललात, तर निदान बीजगणिताच्या सरांकडून तास परत मागता येईल.